जुनी जीप घाटात पाणी का उकळते? रेडिएटर बदलण्याआधी हे वाचा

घाटात बोनेट उघडून उभी असलेली जुनी जीप आणि शेजारी बिसलेरीची बाटली हातात घेतलेला ड्रायव्हर. हे दृश्य तुम्ही आंबेनळीत, ताम्हिणीत, वरंध्यात कुठे ना कुठे पाहिलंच असेल. गाडीतला एक जण सांगतो रेडिएटर गेला. दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाक. तिसऱ्याने रील पाहिलेलं असतं, तो म्हणतो रेडिएटरमध्ये हळद टाक.

यातलं हळदीचं सगळ्यात जास्त चालतं, म्हणून त्याच्याकडेही येऊच. पण आधी मुद्दा असा की गाडी गरम होणं हा आजार नाही, ताप आहे. ताप मलेरियाने येतो तसा टायफॉइडनेही येतो, आणि दोन्हीला औषध वेगळं. जुन्या जीपच्या बाबतीत मात्र तपासणी न करताच ऑपरेशन होतं. आधी रेडिएटर बदलतात, मग वॉटर पंप, मग फॅन. एवढा खर्च होऊनही पुढच्या घाटात काटा पुन्हा लालमध्ये जातो. कारण कित्येकदा दोष झाकणाच्या रबरात किंवा एखाद्या सैल क्लिपमध्ये असतो.

जुन्या जीपच का?

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. त्याच घराण्यातल्या एमएम ५४० सारख्या डिझेल जीप गावाकडे आजही धावताना दिसतात. दुसरी लाडकी म्हणजे मारुती जिप्सी. ती १९८५ मध्ये आली आणि २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. नवी मिळत नाही म्हणून आहे तीच जपायची, असा जिप्सीवाल्यांचा हिशोब आहे.

ताडोबाचंच घ्या. एप्रिल-मे म्हणजे वाघ दिसण्याचा हंगाम. तेव्हा चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सफारीच्या जिप्सी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असतात. इंजिन काम करतंय, पण समोरून वारा नाही. ऑफ-रोडिंगची अडचण नेमकी हीच आहे. हायवेवर ८० च्या वेगात रेडिएटरला फुकटचा वारा मिळतो. चिखलात किंवा चढावर इंजिन जास्त फिरतं, गाडी मात्र पायी चालल्यासारखी सरकते. त्यात रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि गवताचं बी अडकलेलं, आणि पुढे हौसेने लावलेला मोठा बंपर, विंच, चार एलईडी लाइट. वारा शिरणार कुठून?

शिवाय या गाड्यांची चासी वळते, हादरे खाते. रेडिएटरच्या खालची रबरं वाळून दगड झाली असतील तर तो हादरा थेट रेडिएटरच्या डागलेल्या सांध्यांना बसतो. म्हणूनच ऑफ-रोड वापरातल्या गाडीचा रेडिएटर कितीदा डागला तरी पुन्हा त्याच जागी फुटतो. रबर बदला, मग डाग टिकेल.

पाणी १०० अंशांना उकळतं, मग गाडीत का नाही?

हे समजलं की अर्धं काम झालं.

कूलिंग सिस्टीम म्हणजे चाकांवरचा प्रेशर कुकर. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते आणि ती आतला दाब धरून ठेवते. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर ०.९ असा आकडा कोरलेला असतो. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार जास्त दाब. या दाबाला साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं कूलंट घातलं की ही मर्यादा आणखी वर जाते. इंजिनचं कामाचं तापमान साधारण ८० ते ९५ अंश, त्यामुळे हाताशी भरपूर जागा राहते.

आता झाकणाचं रबर कडक झालंय किंवा एखाद्या होज पाईपला केसाएवढी चीर आहे असं समजा. दाब धरला जात नाही. म्हणजे पाणी पुन्हा १०० ला उकळणार. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे तर उघड्यावरचं पाणी ९५ अंशांनाच उकळतं. वाईहून पसरणी घाट चढत वर येणाऱ्या गाडीची मर्यादा अशी दोन्ही बाजूंनी आवळली जाते. इंजिन नेहमीएवढंच गरम असतं, पण पाणी उकळतं, बाहेर फेकलं जातं, मग पाणी कमी पडतं आणि त्यानंतर इंजिन खरोखर तापतं.

थोडक्यात, गळतीमुळे पाणी कमी होतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण गळती एवढी बारीक असली की खाली थेंबही पडत नाही, तरी दाब जातो आणि गाडी उकळते, हे लक्षात येत नाही. म्हणून पहिला संशय झाकणावर घ्या. अख्ख्या सिस्टीममधला सगळ्यात स्वस्त पार्ट तोच आहे. बदलताना मात्र त्याच आकड्याचं घ्या. १.१ चं लावलं की जास्त फायदा, असं काही नाही. जुन्या रेडिएटरचे सांधे त्या दाबाला फुटतात.

झाकणात उलट्या दिशेचा एक छोटा व्हॉल्व्हही असतो. इंजिन थंड झाल्यावर तो बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. सकाळी वरचा होज पाईप चिपाडासारखा आत ओढलेला दिसला, तर हा व्हॉल्व्ह अडकलाय असं समजा.

गाडी कधी गरम होते, ते आधी सांगा

चांगला मिस्त्री बोनेट उघडण्याआधी हा प्रश्न विचारतो.

सिग्नलला किंवा चिखलात हळू चालताना गरम होते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो? मग वाऱ्याचा प्रश्न आहे. फॅन बेल्ट सैल असेल, जाळी बुजली असेल किंवा फॅनभोवतीचं आवरण कुणीतरी काढून टाकलं असेल. जुन्या गाड्यांत हे आवरण जाग्यावर नसणं फार नेहमीचं आहे. कुणीतरी कधीतरी बेल्ट बदलताना काढलं आणि परत लावलंच नाही. ते नसलं की फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बोनेटखालचीच गरम हवा घुसळत बसतो. जाळी धुवायची तर पाणी इंजिनच्या बाजूकडून बाहेर मारा, आणि प्रेशर वॉशरची तोटी अगदी जवळ नेऊ नका. जाळीचे पत्रे झोपतात.

हळू चालताना ठीक, पण चढाला किंवा वेगात गरम होते? मग पाणी पुरेसं फिरत नाहीये. रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्या असतील, वॉटर पंपाची पाती झिजली असतील, किंवा खालचा होज पाईप मऊ पडून वेगात आतल्या आत चिकटत असेल. हा शेवटचा दोष उभ्या गाडीत दिसतच नाही. बोनेट उघडं ठेवून एकाला रेस द्यायला सांगा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून पाईपकडे बघा. फॅनपासून हात, ओढणी, मफलर सगळं लांब.

गाडी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत गरम, वरचा पाईप चटका देणारा आणि खालचा गारढोण? थर्मोस्टॅट उघडत नसणार किंवा रेडिएटर पुरता बुजलाय.

आणि काटा लाल दाखवतोय पण गाडी ना उकळते ना वाफ सोडते? मग काटाच खोटं बोलत असेल. चाळीस वर्षांच्या वायरिंगमध्ये अर्थिंग खराब असणं नवल नाही. थर्मोस्टॅटच्या घरावर तापमान मोजायची गन धरली की मिनिटात निकाल लागतो. पण उलट गोष्ट जास्त घातक आहे. पाणी पूर्ण संपलं की सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. ‘आत्ता लाल होता, आता नॉर्मल झाला’ म्हणून पुढे हाकलेल्या गाड्यांची इंजिनं अशीच जातात. काटा अचानक पडला तर आनंद मानू नका, थांबा.

गळती शोधायची कशी?

थंड गाडीवर, टॉर्च घेऊन. कूलंट वाळलं की पांढरा किंवा हिरवट थर मागे राहतो, त्याचा माग काढायचा. खाली ठिबकलेली जागा म्हणजे गळतीची जागा नव्हे. पाणी चासीवरून वाहत दोन फूट लांब जाऊन ठिबकतं.

होज पाईप दाबून बघा. क्लिपच्या कडेला चिरा असतील, पाईप फुगलेला किंवा डिझेल-ऑइल लागून चिकट मऊ झालेला असेल, तर बदला. क्लिप आवळून तात्पुरतं भागतं, पण कडक झालेल्या रबराला ती जास्तच कापते. वरचा-खालचा पाईप सगळे बघतात, पण बायपासचा आणि हीटरचा छोटा पाईप विसरतात. तो पाईप मागे, अंधारात असतो.

वॉटर पंपाला, ज्याला बऱ्याच गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात, त्याच्या अंगाला खालून एक बारीक भोक असतं. ते कंपनीनेच ठेवलेलं आहे. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं, म्हणून. तिथून ओल दिसली तर पंप निवृत्तीला आलाय. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. मग पाणी बेअरिंगमध्ये जातं, पंप जाम होतो आणि फॅन रेडिएटरमध्ये घुसू शकतो. वाचवलेल्या पंपाच्या पैशात रेडिएटर जातो.

इंजिन ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेली पत्र्याची गोल झाकणं असतात, तीही तपासा. वर्षानुवर्षं साधं पाणी वापरलेल्या गाडीत ती आतून गंजतात.

डोळ्यांनी काही दिसलं नाही तर प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याएवढा दाब द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. काटा उतरला तर गळती आहे, आणि इंजिन बंद असल्यामुळे ती शोधताना हात भाजत नाही. ही टेस्ट करणारं गॅरेज शोधायला थोडं फिरावं लागलं तरी फिरा.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. फार जुन्या जीपला जास्तीचं पाणी परत घेणारी बाटलीच नसते. अशा रेडिएटरमध्ये काठोकाठ पाणी भरलं तर गरम झाल्यावर ते फुगून बाहेर पडणारच. मालक रोज भरतो, गाडी रोज फेकते आणि घरात चर्चा सुरू होते की गाडी पाणी पिते. तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली पातळी ठेवा. तिथे ती टिकून राहिली तर गळती नाहीच.

बाहेर गळत नाही, तरी पाणी जातंय

आता थोडं घाबरायला हरकत नाही. पाणी बाहेर जात नसेल तर आत जातंय, म्हणजे संशय हेड गॅस्केटवर. गॅरेजच्या भाषेत हेड पॅकिंग.

खुणा अशा: इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा लगदा. थंड गाडी सुरू केल्या केल्या वरचा होज पाईप टणक होणं. झाकण उघडून थंड इंजिन सुरू केलं तर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे. यातली एकच खूण दिसली तर निकाल देऊ नका. थंडीत छोट्या प्रवासांमुळेही झाकणाखाली लगदा जमतो, आणि पाणी नुकतं भरलं असेल तर अडकलेल्या हवेचे थोडे बुडबुडे येतातच. खात्रीसाठी एक निळं रसायन मिळतं. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि ते पिवळं झालं, तर सिलिंडरमधला धूर पाण्यात शिरतोय.

हेड उतरवायचंच झालं तर ते सपाट आहे का हे तपासल्याशिवाय नवं गॅस्केट लावू देऊ नका. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं असतं. फेसिंग न करता बसवलं तर काही महिन्यांत तोच खर्च पुन्हा. हेड बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळले पाहिजेत, ‘अंदाज आहे आपल्याला’ इथे चालत नाही.

हळद, थर्मोस्टॅट आणि बाकीचे जुगाड

हळदीचा जुगाड ट्रक ड्रायव्हरांकडून आलाय आणि तो चालतो, हे आधी मान्य करू. हळदीचे कण पाण्यात फुगतात आणि गळतीच्या बारीक भोकात जाऊन बसतात. पण भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली, हे हळदीला कळत नाही. तीच पूड आधीच अर्ध्या बुजलेल्या नळ्यांत आणि हीटरमध्येही बसते. बाटलीतून मिळणाऱ्या तयार लीक-स्टॉपचा धोकाही त्याच जातीचा. जंगलात अडकलात, दुसरा उपाय नाही आणि गाव वीस किलोमीटरवर आहे, तर चिमूटभर हळदीला हरकत नाही. घरी आल्यावर सिस्टीम धुवून घ्या. आठवडाभर तशीच पळवणं हा उपाय नव्हे. फाटलेल्या होज पाईपला तर हळदीचा काहीच उपयोग नाही. तिथे स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप गाडीत असलेली बरी.

थर्मोस्टॅट काढून टाकणं त्याहून वाईट, आणि दुर्दैवाने हा सल्ला फार मिळतो. ‘आपल्याकडे गरम हवा, थर्मोस्टॅट थंड देशांसाठी असतो’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या वर उघडतो आणि त्यानंतर पाण्याची वाट मोकळी असते. उन्हाळ्यात तो उघडाच राहतो, आडवा येत नाही. तो नसला तर इंजिन सकाळी लवकर तापत नाही, डिझेल-पेट्रोल जास्त लागतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच गरगरत राहतो. म्हणजे गाडी थंड राहायला काढला आणि जास्त तापायला लागली.

थर्मोस्टॅट चांगला आहे का, हे घरी कळतं. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, तो दोऱ्याने मध्ये लटकवा, गॅसवर तापवा. पाणी उकळायच्या आत तो उघडला आणि गार होताना मिटला, तर ठीक. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

रेडिएटर दुरुस्त की नवा?

इथे जुन्या गाडीचा फायदा आहे. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात आणि ते डागता येतात. रेडिएटरवाला वरची-खालची टाकी उघडतो, प्रत्येक नळीतून सळई घालून क्षार काढतो, सांधे पुन्हा डागतो आणि हवा भरून पाण्याच्या हौदात बुडवतो. बुडबुडे आले नाहीत की काम झालं. हौदातली ही चाचणी समोर उभं राहून बघा. आणि गळकी नळी दोन्ही टोकांना बंद करून देतोय का, तेही विचारा. एखाद-दुसरी चालते, पाच-सात बंद केल्या तर गळती थांबेल पण गाडी चढाला तापेल. त्यापेक्षा मधला कोअर नवा घालून घ्या. ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिक टाकीचा रेडिएटर असेल तर डागणं विसरा, तो बदलायचाच असतो.

नळ्या चोंदतात कशाने? आपल्याच पाण्याने. बोअरवेलच्या जड पाण्याने घरातल्या गिझरचं काय होतं ते आठवा. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं जातं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, हे मिश्रण आपल्याकडे गोठण्यासाठी नाही तर गंज आणि क्षार रोखण्यासाठी लागतं. रंग बघून कूलंट घेऊ नका. हिरवा, लाल, निळा हा कंपनीचा रंग आहे, प्रकार नव्हे. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालेल असं डब्यावर लिहिलेलं घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका. भरताना गाडीचं तोंड चढाकडे, हीटर असेल तर उघडा, झाकण काढलेलं. इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. पातळी खाली जाईल, तेवढं पुन्हा भरा. अडकलेली हवा बाहेर काढायची ती अशी. ती राहिली तर सगळं नवं असूनही गाडी तापते.

ओढ्या-नदीतून गाडी घालणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. पट्ट्यावर चालणारा फॅन खोल पाण्यात फिरला की पाती पुढे वाकून रेडिएटर सोलू शकतात. खोल पाण्यात उतरण्याआधी पट्टा सैल करणं हा जुन्या ऑफ-रोडवाल्यांचा शिरस्ता त्यासाठीच आहे. अर्थात पलीकडे गेल्यावर तो पुन्हा आवळायची आठवण ठेवणाराही कुणीतरी हवा.

घाटात काटा चढलाच तर

एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण सोडा. गैरसोय होईल, पण तो छोटा दुसरा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा बघून थांबा. वाफ नसेल आणि पाणी गेलेलं नसेल, तर इंजिन एक-दोन मिनिटं थोड्या रेसवर चालू ठेवा, म्हणजे फॅन आणि पंप फिरत राहतात. तरीही काटा उतरला नाही तर बंद करा. वाफ दिसली किंवा खाली पाणी सांडलं, तर वाट न बघता बंद करा.

मग किमान अर्धा-पाऊण तास काही करायचं नाही. हेच सगळ्यात अवघड जातं. गरम झाकण उघडलं की दाब जातो, ११० अंशांचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं आणि चेहरा, हात, डोळे भाजतात. वरचा पाईप हाताला सोसवेल एवढा गार झाल्यावर जाड फडकं टाकून झाकण आधी पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स आवाज संपू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी एकदम ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन सुरू करून थोडं थोडं घाला. अशा वेळी साधं पिण्याचं पाणी चालतं, कूलंट नंतर बघता येईल.

बदललेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे ते घेतात का, हे विचारा.